‘बाकीच्या बायका काय करत होत्या, मॅडम?’

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. नोकरीला नऊ वर्षं झाली. आमच्या प्रयोगशाळेबाहेरच्या भिंतीवर शास्त्रज्ञांचे बारा फोटो आहेत. न्यूटन, गॅलिलिओ, फॅरेडे, आइन्स्टाइन, रामन, भाभा वगैरे. बाई एकच, मेरी क्युरी. विज्ञान दिनासाठी भिंत रंगवायला काढली, म्हणून मुलांना घेऊन फोटो उतरवत होते. तेव्हा अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, “बाकीच्या बायका काय करत होत्या, मॅडम?” मी तोंड उघडायच्या आत मागून एक मुलगा म्हणाला, “डबे भरत होत्या.” सगळे हसले. ताई, मीसुद्धा हसले.

कॉलेज सुटल्यावर ती मुलगी परत आली. तिचे वडील वीटभट्टीवर कामाला जातात, घर गावाबाहेरच्या वस्तीत. आजूबाजूला कुणी नाही बघून तिने विचारलं, “आणि आमच्यातलं कुणी आहे का त्यांत?” मी म्हटलं, बघून सांगते. तिने वर्गात मात्र पुन्हा काही विचारलेलं नाही.

स्टाफरूममध्ये विषय काढला तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “निसर्गाला जात नसते, लिंग नसतं. एफ बरोबर एम ए हे बाईने लिहिलं काय नि पुरुषाने लिहिलं काय, सफरचंद खालीच पडणार. आता भिंतीवर पण आरक्षण आणता का?” प्राचार्य भले आहेत. त्यांनी तोडगा काढला: आठ मार्चला ‘महिला शास्त्रज्ञ’ असा वेगळा बोर्ड करा, खर्च मंजूर. मला ते पटेना, पण का पटत नाही तेही सांगता येईना. काय करू? आणि त्या मुलीला काय सांगू?

– एक शिक्षिका

उत्तर

तुम्ही हसलात, त्याबद्दल स्वतःला फार बोल लावून घेऊ नका. वर्गात हशा पिकला की शिक्षकाच्या तोंडावरही हसू येऊन जातं. पण समोरच्या मुलीला ते संमतीसारखं दिसतं, हेही तितकंच खरं. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते. आधी दुसऱ्या एका वर्गातली गोष्ट.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलंय, जागा केंब्रिज. शिकवायला अर्नेस्ट रदरफर्ड, ज्यांचा सोन्याच्या वर्खाचा प्रयोग तुम्ही दरवर्षी बारावीला शिकवता. वर्गात मुलगी एकच. बायकांनी पहिल्या रांगेत वेगळं बसायचं असा नियम. रदरफर्ड रोज तिच्याकडे रोखून बघत आणि ‘लेडीज अँड जंटलमेन’मधल्या ‘लेडीज’वर जोर देऊन व्याख्यान सुरू करत. की लगेच मुलांच्या टाळ्या, पाय आपटणं. त्या मुलीने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की रोज सकाळी धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं, आणि म्हातारपणीसुद्धा व्याख्यानाला गेलं की आपले पाय आपोआप मागच्या बाकाकडे वळतात. तिचं नाव सिसिलिया पेन. सूर्य मुख्यत्वे हायड्रोजनचा आहे हे आकडेमोडीने पहिल्यांदा दाखवलं ते हिने. तिच्याकडे पुन्हा येऊच. सध्या एवढंच, की तुमच्या वर्गातला तो हशा शंभर वर्षांचा जुना आहे आणि रदरफर्डसारख्या माणसालाही तो थांबवावासा वाटला नव्हता.

आता तुमचे सहकारी. ते अर्धे बरोबर आहेत, आणि अर्ध्या बरोबर माणसाशी वाद घालणं सगळ्यात अवघड. निसर्गाला जात नसते, कबूल. सफरचंद खालीच पडतं, तेही कबूल. पण प्रयोगशाळा काही झाडाखाली नसते. तिला दार असतं, दाराला कुलूप असतं आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात असते. त्यांना दूरचं उदाहरण देऊ नका. विज्ञान दिन ज्यांच्या शोधासाठी साजरा करता, त्या रामन यांचंच द्या.

२८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाचा दिवस. त्यानंतर पाच वर्षांनी, १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. अव्वल नंबराने पास झालेली एक मराठी मुलगी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मागते. संचालक रामन. ते नकार देतात, कारण एकच: ती मुलगी आहे. तिचं नाव कमला भागवत. लग्नानंतरच्या कमला सोहोनी, आणि आपल्या दुर्गाबाई भागवतांची बहीण. घराणंच असं की ‘नाही’ ऐकून परत फिरायची सवय नव्हती. ती बंगळुरूला जाऊन धडकली आणि दारात सत्याग्रहाला बसायची तयारी दाखवली. शेवटी रामन यांनी तिला घेतलं, पण एक वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, उमेदवारीवर. आणि तिच्यामुळे वातावरण बिघडता कामा नये या अटीवर. वर्षभरात तिचं काम बघून रामन यांनी तिला कायम केलं, आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी नंतर केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, १९३९ मध्ये. त्या जीवरसायनशास्त्रातल्या, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञांच्या यादीत त्यांना घुसडू नका. पण दार म्हणजे काय ते समजावायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

आणि दार उघडलं म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. याच रामन यांच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात अॅना मणी होत्या. त्रावणकोरातल्या, सिरियन ख्रिश्चन घरातल्या. हिरे आणि माणकं प्रकाशात कशी चमकतात याचे वर्णपट, म्हणजे त्या प्रकाशाचे रंग सुटे करून उमटवलेले पट्टे, त्या घेत. फोटोच्या काचेवर एकेक वर्णपट उमटायला पंधरा-वीस तास लागत, म्हणून अनेकदा रात्रीचा मुक्काम प्रयोगशाळेतच. एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध झाले. १९४५ मध्ये प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली: एम.एस्सी. नाही म्हणून. बंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात तो प्रबंध आजही आहे, पदवीशिवाय.

मग त्या लंडनला गेल्या, हवामानाची यंत्रं शिकून १९४८ मध्ये परतल्या आणि आल्या कुठे, तर पुण्यात. ज्याला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, त्या हवामान खात्यात. तोवर साधी पर्जन्यमापकासारखी उपकरणंसुद्धा मोठ्या प्रमाणावर परदेशातून यायची. मणींनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथे बनवायला लावली. सूर्याची किती ऊर्जा देशात कुठे पडते ते मोजणारी केंद्रं उभारली. आज कुणी गच्चीवर सोलर बसवताना ‘आमच्याकडे ऊन किती’ असं विचारतो, त्या प्रश्नाला आकड्यांचं उत्तर द्यायची सुरुवात या बाईंनी केली. ऊर्जेच्या धड्यात त्यांना सहज जागा आहे. आणि हे तुमच्या प्राचार्यांना ऐकवा: स्वतः मणींना ‘बाई असून शास्त्रज्ञ’ असं वेगळं काढलेलं आवडत नसे.

सहकाऱ्यांना आणखी एक दार दाखवायचं असेल तर बर्लिनचं दाखवा. १९०७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर तिथे आली तेव्हा तिला रसायन संस्थेच्या मुख्य प्रयोगशाळांत पाय ठेवायची मनाई होती. तळघरातल्या सुताराच्या जुन्या खोलीत काम करायचं, तिला वेगळं बाहेरचं दार. स्वच्छतागृहासाठी रस्त्यावरच्या हॉटेलात जायचं. (तुमच्या कॉलेजात मुलींचं स्वच्छतागृह प्रयोगशाळेपासून किती लांब आहे? चालू आहे का? विज्ञान दिनाच्या बजेटमधून फोटोंऐवजी त्याला कडी बसवलीत तरी मी त्याला फिजिक्सचंच काम म्हणेन.) १९३८ च्या डिसेंबरात तिचे सहकारी, रसायनशास्त्रज्ञ ओटो हान यांना युरेनियममधून बेरियम कसं निघालं ते कळेना. ज्यू कुळातली म्हणून त्याच उन्हाळ्यात जर्मनीतून पळून गेलेल्या माइटनरने, भाचा ओटो फ्रिश याच्याबरोबर स्वीडनच्या बर्फात हिंडताना, त्याचा हिशेब लावला: अणुकेंद्र दुभंगतंय आणि दर वेळी सुमारे २०० एमईव्ही ऊर्जा बाहेर पडतेय. बारावीच्या पुस्तकातला तो २०० चा आकडा तो हाच. १९४४ चं नोबेल एकट्या हान यांना मिळालं.

राहता राहिलं एफ बरोबर एम ए. अकरावीला ऊर्जा आणि संवेग अक्षय्य असतात असं आपण शिकवतो आणि ‘का?’ असं कुणी विचारलं तर ‘प्रयोगाने सिद्ध झालंय’ म्हणून पुढे जातो. खरं ‘का’ गणितज्ञ एमी नोएदर हिने १९१८ मध्ये सांगितलं. निसर्गाचे नियम आज आणि उद्या सारखेच असतात म्हणून ऊर्जा टिकते. इथे आणि तिथे सारखेच असतात म्हणून संवेग टिकतो. गटिंगनच्या प्राध्यापकांनी तिला शिकवायची परवानगी नाकारली होती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी बाईच्या पायाशी बसून शिकायचं का, असा त्यांचा सवाल. हे विद्यापीठ आहे, सार्वजनिक न्हाणीघर नव्हे, असं त्यावर तिथले नामवंत गणितज्ञ हिल्बर्ट कडाडले म्हणतात. काही वर्षं ती हिल्बर्टच्या नावाने जाहीर झालेले तास घेत राहिली. १९३३ मध्ये ज्यू म्हणून तीही नोकरी गेली. तुमचे सहकारी म्हणतात ते तंतोतंत खरं आहे: निसर्गाला फरक पडत नाही. फरक पडतो तो आपल्याला, कारण ‘का’चं उत्तर देणारं माणूस आपण दाराबाहेर ठेवलेलं असू शकतं.

आता तुमचा खरा प्रश्न. वेगळा बोर्ड का पटत नाही? माझ्या मते अशासाठी, की तो आठ मार्चला लागतो आणि नऊला उतरतो. त्यावर नाव, जन्मसाल, ‘पहिल्या महिला...’ आणि शेवटी एखादं प्रेरणादायी वाक्य. त्या बाईने नेमकं काय शोधलं, याला जागाच उरत नाही. मुलींना त्यातून एवढंच कळतं की खरी भिंत तिकडे, आणि ही आपली पंगत वेगळी. तुमच्या विद्यार्थिनीने ‘महिला शास्त्रज्ञ कोण’ असं विचारलंच नव्हतं. ‘काय करत होत्या’ असं विचारलं होतं. तर काय करत होत्या ते सांगा, ज्या धड्यात केलं त्या धड्यात.

एक धडा मी तुम्हाला आखूनच देते. बारावीचा अणुरचनेचा, बोरच्या मॉडेलनंतरचा.

मुलांना विचारा, सूर्य कशाचा बनलाय? सगळे म्हणतील हायड्रोजन. मग विचारा, कशावरून? तिथे गप्प होतील. सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा दिसतात. त्यांत कॅल्शियमच्या, लोहाच्या रेषा ठळक, हायड्रोजनच्या त्यामानाने साधारण. म्हणून १९२५ पर्यंत भल्याभल्यांचा समज असा, की सूर्य म्हणजे तापलेली पृथ्वीच. तीच मूलद्रव्यं, साधारण त्याच प्रमाणात.

इथे येतात मेघनाद साहा. १८९३ चा जन्म, ढाक्याजवळच्या शेवडातली नावाच्या गावातला, वाणसामानाच्या छोट्या दुकानदाराचा मुलगा. १९२० मध्ये, सत्ताविशीच्या आत, त्यांनी एक समीकरण मांडलं: अमुक तापमानाला आणि दाबाला वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतील. आता वर्णपटातली रेषा नुसती ‘कोणतं मूलद्रव्य’ एवढंच सांगेना. ‘किती तापलेलं’ तेही सांगू लागली. त्याआधी ताऱ्यांचे वर्णपट म्हणजे पोत्यात भरून ठेवलेली पत्रं होती, साहांनी ती वाचायची लिपी दिली.

आणि ती लिपी सगळ्यात नेटाने वाचली कुणी, तर टाळ्यांच्या गजरात पहिल्या बाकावर बसलेल्या त्या मुलीने. केंब्रिज बायकांना शिकू देई, पण पदवी देत नसे. १९४८ उजाडेपर्यंत दिली नाही. म्हणून पेन १९२३ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेली. तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या काचांचे ढीग होते, आणि ते वर्गवार लावायचं कामही आधी बायकांनीच केलेलं. पेनने साहांचं समीकरण त्यांना लावलं. तिचं म्हणणं फळ्यावर उतरवता येतं. हायड्रोजनची जी रेषा डोळ्याला दिसते ती बामर मालिकेतली. ती उमटायला इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या कक्षेत हवा. पहिल्या कक्षेतून दुसरीत जायला १०.२ ईव्ही लागतात, आणि सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५८०० केल्विनच्या आसपास, म्हणजे केटी, उष्णतेतून अणूला साधारण मिळणारी ऊर्जा, भरते जेमतेम अर्धा ईव्ही. बोल्ट्झमनचं सूत्र लावून बघा: अठरा कोटी हायड्रोजन अणूंमागे एखादाच दुसऱ्या कक्षेत सापडेल. इतक्या थोड्या अणूंनी जर एवढी दिसण्याजोगी रेषा काढली असेल, तर एकूण हायड्रोजन किती असला पाहिजे! पेनचं उत्तर आलं: धातूंच्या सुमारे दहा लाख पट.

हेन्री नॉरिस रसेल त्या काळचे अमेरिकेतले सगळ्यात वजनदार खगोलशास्त्रज्ञ. ते म्हणाले, अशक्य. पंचविशीतल्या मुलीने मग आपल्याच प्रबंधात लिहिलं की हायड्रोजनचा हा आकडा जवळजवळ निश्चितच खरा नसावा. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचले. त्यांनी पेनचा उल्लेख केला, पण बरीच वर्षं शोध त्यांच्याच नावावर खपला. प्रबंधाची पदवीसुद्धा हार्वर्डची नव्हे, शेजारच्या बायकांच्या रॅडक्लिफ कॉलेजची. हार्वर्डने तिला पूर्ण प्राध्यापक केलं १९५६ मध्ये.

या धड्यात ‘महिला’ हा शब्द एकदाही न उच्चारता तास घेता येतो. वर्णपट, साहा, पेन, सूर्य. बस्स.

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं. साहांची गोष्ट तिला सांगाल तेव्हा पूर्ण सांगा, आणि खरी सांगा. साहा ज्या जातीत जन्मले ती त्या वेळच्या बंगालमध्ये खालची गणली जाई. कोलकात्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकायला आले, सत्येंद्रनाथ बोसांच्या वर्गात, तेव्हा ईडन हिंदू हॉस्टेलमधल्या वरच्या जातीच्या मुलांनी त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना दूर ठेवलं. विद्येच्या देवीच्या पूजेत! साहा ते विसरले नाहीत आणि लपवलंही नाही. पण तुमची विद्यार्थिनी ‘आमच्यातलं’ म्हणते त्याचा अर्थ तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. साहांची जात आणि तिची जात एक नव्हे. साहांच्या घरी गरिबी होती, पण दुकान होतं. तिला ‘हे बघ, तुमच्यातले’ असं सांगून बोळवू नका. ती हुशार आहे, उद्या स्वतः शोधून काढेल आणि तुमच्यावरचा विश्वास उडेल. सांगा, की पंगतीतून उठवलेल्या मुलाने सूर्य वाचायची लिपी दिली. तू विचारतेस तसं नाव या भिंतीवर नाही. आणि ते का नाही, हा तुझा प्रश्न चुकीचा नाही. एवढंच. ‘तू हो पहिली’ वगैरे तिच्या डोक्यावर ठेवू नका. अकरावीच्या पोरीला आधी युनिट टेस्ट आहे.

पंगतीबाहेर ठेवलेले म्हटलं की मला आणखी दोघं आठवतात, अल्पसंख्य समाजांतले, थोडक्यात सांगते. एडवर्ड बुशे, अमेरिकेत भौतिकशास्त्राची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, येल, १८७६. पदवी मिळाली, विद्यापीठात नोकरी कुणी देईना. फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत २६ वर्षं विज्ञान शिकवलं. आणि अब्दुस सलाम: विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बल यांची एकत्र मोट बांधल्याबद्दल १९७९ चं नोबेल, ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्यासोबत. ते ज्या पंथाचे, त्या अहमदियांना पाकिस्तानने १९७४ मध्ये कायद्याने मुस्लिमेतर ठरवलं. थडग्यावर ‘पहिला मुस्लिम नोबेल विजेता’ असं कोरलं होतं, त्यातला ‘मुस्लिम’ शब्द नंतर खोडून काढला. बहुसंख्यांचा देश बदलला की अल्पसंख्य बदलतात, बाकी पद्धत तीच.

एक पथ्य मात्र सांभाळा. या विषयात अतिशयोक्ती फार चालते. आइन्स्टाइनचं सगळं काम बायकोनेच केलं, असले फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. त्याला पुरावा नाही, ते भिंतीवर नको. एक खोटं सापडलं की तुमचे सहकारी अकरा खऱ्या गोष्टी मोडीत काढतील, आणि त्यांना तो हक्क असेल.

बिभा चौधुरींचंच बघा. ‘भारतीय बाईचं नोबेल पळवलं’ अशा मथळ्याखाली त्यांचं नाव फिरतं. खरी गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे आणि मला तरी जास्त आवडते. फोटोच्या काचेवरच्या लेपात अणुकणांची वाट उमटते, ही पद्धत व्हिएन्नात मारिएटा ब्लाऊ हिने वर्षानुवर्षं बिनपगारी राबून नावारूपाला आणली. १९३७ मध्ये इन्सब्रुकजवळच्या डोंगरावर ठेवलेल्या काचांत तिला वैश्विक किरणांनी फोडलेल्या अणुकेंद्रांच्या चांदण्या दिसल्या. पुढच्याच वर्षी ज्यू म्हणून देश सोडावा लागला. इकडे कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये देबेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंगला, संदकफूला काचा ठेवल्या आणि नव्या कणाचं वस्तुमान काढलं: इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट. ‘नेचर’मध्ये निबंध छापून आले. पण हाती असलेल्या काचा हलक्या प्रतीच्या, युद्धामुळे चांगल्या मिळेनात, आणि दोन वेगळे कण एकमेकांपासून सुटे करता येईनात. १९४७ मध्ये ब्रिस्टॉलला सेसिल पॉवेल यांच्या गटाला चांगल्या काचा मिळाल्या आणि त्या दोनांतला एक, पायॉन, स्पष्ट दिसला. १९५० चं नोबेल पॉवेल यांना. पॉवेल यांनी पुढे आपल्या पुस्तकात बोस-चौधुरींच्या आधीच्या कामाची नोंद घेतली. तर ‘पळवलं’ नाही. पण वाट काढणाऱ्या दोघी आणि पोचलेला एक, एवढं म्हणायला हरकत नाही. चौधुरींनी मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्याकडे पीएच.डी.चं काम केलं आणि १९४९ मध्ये भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं, संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती तेव्हा. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. तुमच्या भिंतीवर भाभा आहेत ना? त्यांच्या शेजारी जागा करा.

नोबेलच्या मोजपट्टीवर फार विसंबू नका, हेही त्यातूनच आलं. १९०१ पासून भौतिकशास्त्राचं नोबेल सुमारे २३० जणांना मिळालं, त्यांत बायका पाच. त्यांतल्या मारिया गोपर्ट-मायर यांनी कित्येक वर्षं पगाराविना काम केलं, कारण नवरा त्याच विद्यापीठात प्राध्यापक.

मराठी नाव हवं, जिवंत आठवणीतलं हवं, तर रोहिणी गोडबोले. पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. त्यांच्या लहानपणी शाळेत मुलींना सातवीपर्यंत विज्ञानाऐवजी गृहविज्ञान असे. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी त्यांनी विज्ञानाचा वेगळा अभ्यास केला. पुढे पुण्याचं एस.पी. कॉलेज, आयआयटी मुंबई, अमेरिकेतली पीएच.डी., शेवटी बंगळुरूचं आयआयएससी, म्हणजे जिच्या दारात कमलाबाई उभ्या होत्या तीच संस्था. कणांच्या टकरीत फोटॉनच्या आत काय दडलेलं असतं, यावर त्यांचं काम. एका परिणामाला ‘ड्रेस-गोडबोले’ असं नावच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या पुण्यात गेल्या.

आता शेवटचं, आणि माझ्या मते फोटोंपेक्षा महत्त्वाचं. मी एम.एस्सी. करत होते तेव्हा आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये आम्ही तिघं, मी एकटी मुलगी. दोन वर्षं मी रीडिंग लिहिली. अक्षर चांगलं ना! स्पेक्ट्रोमीटर ते दोघं लावायचे, व्हर्निअर ते वाचायचे, मी वहीत उतरवायचे, आलेखही मीच काढायचे. तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. परीक्षेत मला एकटीला स्पेक्ट्रोमीटर आला आणि टेलिस्कोप कुठल्या स्क्रूने घट्ट होतो ते मला ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात तुमच्या प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात उभ्या राहा, कुणाला काही बोलू नका, नुसतं बघा स्क्रूगेज कुणाच्या हातात आहे आणि पेन कुणाच्या.

विज्ञान दिनाला भाषणं ठेवू नका. त्या मुलीला तर मुळीच व्यासपीठावर चढवू नका. तिने प्रश्न विचारला होता, प्रतिनिधित्व मागितलं नव्हतं. एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या, दोन ब्लेडांची बारीक फट, आत जुन्या डीव्हीडीचा तुकडा तिरका बसवा. फट थेट सूर्याकडे न धरता उजळ आकाशाकडे धरा. पिवळ्यात सोडियमची, हिरव्यात मॅग्नेशियमची काळी रेषा दिसेल. फट जमेपर्यंत चार खोकी वाया जातील, जाऊ देत. ती फट तिला बसवायला सांगा आणि दिसलेल्या रेषा कुठल्या, हेही तिलाच ओळखू द्या.

आणि ‘डबे’वाल्या पोराला रागावू नका. त्याला आलेखाचा कागद द्या: ४००० पासून १०,००० केल्विनपर्यंत दर हजाराला दुसऱ्या कक्षेत किती हायड्रोजन अणू असतील ते काढ म्हणावं. दहा हजाराला तो आकडा पस्तीस हजारांत एकावर येतो; व्याधाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत का, ते त्याला आपसूक कळेल. त्यापुढे तापमान वाढवलं तर रेषा पुन्हा फिकट का होतात, असं विचारा, म्हणजे साहांकडे जावं लागेल. आलेखाच्या डोक्यावर सिसिलिया पेनचं नाव त्याच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि फोटोऐवजी तोच भिंतीला लावा. मार्चमध्ये कळवा, त्याने किती बिंदू बरोबर मांडले ते.